आत मीटिंग, बाहेर भाऊ

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेदहाला पुण्यातल्या एका हॉलमध्ये ऑटिस्टिक मुलांच्या पालकांचा आधारगट भरतो. माझी आई तिथे १४ वर्षं जातेय. आत गोलात मांडलेल्या तीसेक प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात चहाचा थर्मास आणि खारी. बाहेर पॅसेजमध्ये एक लोखंडी बाक. त्या बाकावर माझा धाकटा भाऊ बसतो. कानावर मोठे हेडफोन, मोबाइलवर रेल्वेचं वेळापत्रक. पहिल्यांदा तिथे बसला तेव्हा तो १० वर्षांचा होता. आता २४ चा आहे.

मागच्या वर्षी एका रविवारी आईचा गुडघा दुखत होता म्हणून मी दोघांना सोडायला गेलो आणि भावाशेजारी बसून राहिलो. हॉलचं दार नीट लागत नाही. आतून आईचा आवाज आला, "अजूनही आंघोळीला जा म्हणून तीनदा सांगावं लागतं हो." भावानं एका कानावरचा हेडफोन सरकवला, म्हणाला, "दोनदा." आणि हेडफोन परत लावला.

त्या हेडफोनमध्ये गाणी नसतात. पंख्याचा आणि ट्रॅफिकचा आवाज कमी व्हावा म्हणून तो ते घालतो. आतलं बोलणं त्याला ऐकू येतं. १४ वर्षं येत होतं. त्याचं जेवण, त्याची झोप, त्याचं वयात येणं, त्याचं लग्न होणार नाही हे, आणि "आमच्यानंतर याचं काय" हे. सगळं त्यानं त्या बाकावर बसून ऐकलंय, आणि त्यातला एक आकडा चुकला तेव्हा तो दुरुस्त केलाय.

हा लेख त्या हॉलच्या विरोधात आहे. लिहिणारा त्या हॉलचं मीठ खाल्लेला आहे, हेही सांगून ठेवतो.

आधी त्यांचं देणं मान्य करतो. आपल्या देशात ऑटिझमबद्दल जे काही उभं राहिलं त्यातलं बरंचसं पालकांनी उभं केलं. दिल्लीत 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' १९९१ मध्ये सुरू झाली ती मेरी बरुआ या एका आईमुळे. १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा, दहावीला मिळणारा जादा वेळ आणि लेखनिक, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांच्या यादीत ऑटिझम असणं, यामागे सरकारी ऑफिसांचे जिने झिजवलेले आईबाप आहेत. माझ्या आईला दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी कुठल्या खिडकीवर जायचं हे कुठल्याही वेबसाइटनं सांगितलं नव्हतं. त्या खारीवाल्या टेबलाजवळ एका काकूंनी सांगितलं.

मुलगा सहा वर्षांचा असताना पालकांचा गट लागतोच. माझी तक्रार पुढची आहे. मुलं मोठी झाली, गट मोठा झाला नाही. भावाला घरात छोटू म्हणतात. छोटूची उंची पाच फूट अकरा इंच आहे. हॉलमध्ये त्याला 'विशेष मूल' म्हणतात. कॉलेजात जाणारा चुलतभाऊ त्याच्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे, त्याला कुणी मूल म्हणत नाही. आणि अधिकृत मराठी शब्द तर 'स्वमग्न'. स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ च्या आसपास स्किझोफ्रेनियाबद्दल लिहिताना ग्रीक 'ऑटोस', म्हणजे 'स्वतः', यावरून 'ऑटिझम' शब्द बनवला. तो पुढे वेगळ्याच अवस्थेला चिकटला. आपण तो इमानदारीत मराठीत आणला आणि ज्याला दारामागचं शब्द न् शब्द ऐकू जातं त्याचं नाव ठेवलं स्वतःत बुडालेला.

पुण्यात राहून हे आपल्याला खटकत नाही याचं मला जास्त आश्चर्य वाटतं. कारण याच शहराला आधारगट म्हणजे काय ते नीट माहीत आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमस १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालं ते दोन पिणाऱ्या माणसांनी एकमेकांशी बोलून. घरच्यांसाठी अल्-अनॉन १९५१ मध्ये वेगळं निघालं. खोल्या दोन. आपल्याकडे १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू झालं. तिथे व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांचे गट असतात आणि त्यांच्या बायकांसाठी 'सहचरी' असतो. पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभेत हात थरथरणारे आजोबा आणि त्यांच्या आजी शेजारी बसतात. या वर्तुळांमध्ये आजार असणाऱ्याला 'शुभार्थी' आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. मला हे शब्द जरा सात्त्विक वाटतात, पण निदान शब्द दोन आहेत. आता कल्पना करा, दारू सोडणाऱ्यांची मीटिंग आहे, आत सगळ्या बायका बसल्यात आणि नवरे बाहेर बाकावर मोबाइल बघतायत. हसू येईल ना? आमच्या हॉलमध्ये दर महिन्याला तेच होतं आणि कुणी हसत नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्या धंद्यात हा रोग ओळखीचा आहे. क्लायंटचा मॅनेजर येतो, युजरला काय हवंय ते दोन तास सांगतो, आपण दोन वर्षं बांधतो, आणि शेवटी खरा युजर येऊन म्हणतो, हे कुणी मागितलं होतं? तेव्हा निदान प्रोजेक्ट बुडतो. इथे माणसाचं आयुष्य चालूच राहतं, कुणीही न मागितलेल्या फीचर्ससकट.

त्या रविवारनंतरच्या मीटिंगला मी आत गेलो आणि बोललो. फार नीट बोललो नाही, घाईघाईत बोललो. म्हटलं, मोठ्या मुलांना आत बसू द्या. निदान त्यांना विचारा. आणि गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मेल्टडाउनचे व्हिडिओ टाकणं बंद करा. आवाज, उजेड, गर्दी सहन होईनाशी होऊन एखादा माणूस कोसळतो, ओरडतो, स्वतःला मारून घेतो, आणि त्याचं शूटिंग दोनशे लोकांना 'कृपया मार्गदर्शन करावे' म्हणून जातं. तो माणूस २६ वर्षांचा असतो.

एक काकू उठल्या. शांतपणे म्हणाल्या, "तुझा भाऊ बोलतो. माझा बोलत नाही. ३१ चा आहे. त्याला शी पुसायला मी लागते. परवा माझ्या हाताला चावलाय, बघ. तुमचं हे न्यूरोडायव्हर्सिटी वगैरे ज्यांना जमतं त्यांच्यासाठी ठीक आहे रे." हातावर खरंच दातांच्या खुणा होत्या. मी खाली बसलो.

रिक्षात आई माझ्याशी बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "महिन्यातले दोन तास मला रडता येतं. तेही नको का तुला?"

या दोघींना उत्तर दिल्याशिवाय मला हा लेख पुढे नेता येणार नाही. आईला उत्तर मला तीस वर्षांपूर्वीच्या एका ऑटिस्टिक माणसाकडे सापडलं. जिम सिंक्लेअर यांनी १९९३ मध्ये टोरोंटोतल्या एका परिषदेत पालकांसमोर मांडलेली, 'डोन्ट मोर्न फॉर अस' या नावानं छापलेली गोष्ट अशी: तुम्ही ज्या मुलाची वाट पाहत होता ते आलं नाही, याचं दुःख खरं आहे, ते करा. पण ते आमच्यावर करू नका, कारण आम्ही आलोय आणि इथेच आहोत. माझं आईला एवढंच सांगणं आहे. रड, शिव्या दे, मला आणि त्याला दोघांना दे. त्यासाठी खोली हवी आणि तिचं दार लागायला हवं. फक्त त्या खोलीला 'ऑटिझमचा आधारगट' म्हणू नका. तो आईबापांचा आधारगट आहे. ऑटिस्टिक माणसांचा अजून काढायचाय.

काकूंना उत्तर देण्याआधी मला माझ्याच लोकांकडे वळू द्या. कारण काकूंचा टोमणा निम्मा बरोबर होता, आणि तो आम्हाला लागायलाच हवा.

मला २७ व्या वर्षी एडीएचडी असल्याचं निदान झालं. त्याआधी सलग तीन वर्षं इन्कम टॅक्स रिटर्न उशिरा भरून लेट फी दिली होती, दोन पासपोर्टचे अर्ज अर्धवट सोडले होते, आणि मॅनेजरच्या फीडबॅकमध्ये 'ब्रिलियंट बट इनकन्सिस्टंट' हे तीन शब्द तीन कंपन्यांमध्ये मिळाले होते. (एडीएचडी त्या २१ च्या यादीत नाही, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीनं मी फक्त गबाळा आहे.) निदानानंतर मी माझ्यासारखे लोक शोधले आणि ते मिळालेही. महिन्यातून एकदा एका कॅफेत भेटणारा न्यूरोडायव्हर्जंट लोकांचा ग्रुप. पहिल्या भेटीत मी अक्षरशः रडकुंडीला आलो, कारण मी वाक्य अर्धवट सोडलं तरी समोरच्याला पुढचं कळत होतं. हे सुख मी कमी लेखणार नाही.

तिसऱ्या महिन्यात भावाला घेऊन गेलो. कॉफी साडेतीनशे रुपये, स्पीकरवर गाणी, बोलणं सगळं इंग्रजीत. गोलात ओळख: नाव सांगा, डायग्नोसिस सांगा, एक फन फॅक्ट सांगा. भाऊ म्हणाला, "वनाझ ते रामवाडी १६ स्टेशनं आहेत. ६ मार्च २०२२ ला पाचच सुरू झाली होती." सगळे गोड हसले. कुणीतरी 'सो क्यूट' म्हणालं. बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "दादा, त्यात हसण्यासारखं काय होतं?" मला सांगता आलं नाही. तो परत आला नाही, आणि त्याला का आला नाहीस असं कुणी विचारलंही नाही.

तर शहरात दोन खोल्या आहेत. एकीत मराठीत बोलणारे आईबाप आहेत आणि त्यांची मुलं बाहेर. दुसरीत इंग्रजीत बोलणारे आम्ही आहोत, स्वतःबद्दल अतिशय छान बोलतो, रील बनवतो, एप्रिल आला की ऑफिसच्या पॅनलवर बसतो. २ एप्रिलला जागतिक ऑटिझम जागरूकता दिन असतो. आमच्या ऑफिसच्या लॉबीत त्या दिवशी निळा लाइट लावतात आणि लाउडस्पीकरवर गाणी लावतात. माझा भाऊ त्या लॉबीत दोन मिनिटं उभा राहू शकणार नाही. आम्ही 'आम्ही' म्हणतो तेव्हा त्यात तो नसतो, काकूंचा मुलगा तर नसतोच. ज्या गटात यायला आधी नीट बोलता यावं लागतं, तो कुणाचा गट आहे? काकूंनी मला हे विचारलं नव्हतं, पण विचारायला हवं होतं.

एक तिसरी खोलीही आहे, ती पैसे भरून मिळते. 'सोशल स्किल्स ग्रुप'. सहा जण, एक थेरपिस्ट. डोळ्यांत बघून बोलायला शिकवतात, 'कसे आहात' ला 'मी मजेत' म्हणायला शिकवतात. भाऊ तिथे दोन वर्षं गेला. तिथल्या पाच जणांपैकी एकाचाही फोन नंबर त्याच्याकडे नाही. दोन वर्षं मैत्री शिकला आणि एक मित्र मिळाला नाही, यावर फी परत मागायला हवी होती.

या क्लासमागचं गृहीतक असं की संवाद तुटतो तो ऑटिस्टिक माणसाच्या बाजूनं. स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये याला उलटा प्रश्न विचारला. दोन वेगळ्या घडणीची माणसं भेटली तर न कळणं दोन्हीकडून असतं. त्याला त्यांनी 'डबल एम्पथी प्रॉब्लेम' म्हटलं. मग २०२० मध्ये कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी एडिनबरामध्ये चक्क कानगोष्टींचा खेळ खेळून पाहिला. आठ-आठ जणांच्या साखळ्या, पहिल्याला एक गोष्ट सांगायची, त्यानं पुढच्याला, असं शेवटपर्यंत. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट जेवढी टिकली, तेवढीच सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या साखळीत टिकली. गळती जास्त झाली ती मिश्र साखळीत. म्हणजे त्यांना बोलता येतं. आपल्याशी बोलताना अडतं, आणि आपल्यालाही त्यांच्याशी बोलताना तेवढंच अडतं. तरी क्लासला एकाच बाजूला पाठवायचं आणि फी त्याच बाजूनं भरायची.

सिंक्लेअर आणि त्यांच्या ऑटिस्टिक सोबत्यांनी १९९६ पासून अमेरिकेत 'ऑट्रीट' नावाची शिबिरं भरवली. त्यातली एक युक्ती मला सगळ्या थेरपीपेक्षा शहाणी वाटते. प्रत्येकाकडे रंगीत बिल्ले. लाल असेल तर माझ्याशी कुणी बोलू नका. पिवळा असेल तर आधीपासून ओळखीच्यांनीच बोला. हिरवा म्हणजे मला बोलायचंय पण सुरुवात जमत नाही, तुम्ही करा. एवढंच. हे मी भावाला सांगितलं. तो गच्चीवर गेला आणि कपडे वाळत घालायचे तीन चिमटे घेऊन आला. लाल, पिवळा, हिरवा.

गेल्या जूनपासून आम्ही शनिवारी दुपारी मेट्रोनं जातो. वनाझला भेटायचं, रामवाडीला जायचं, परत यायचं. अजेंडा नाही, ओळख परेड नाही, कुणी काही शिकत नाही. शेजारी-शेजारी बसायचं असल्यानं डोळ्यांत बघायचा प्रश्न येत नाही. माझ्या भावाशिवाय पाच जण आहेत: एक डिस्लेक्सिया असलेली मुलगी, माझ्यासारखे दोन गबाळे, भावाच्या जुन्या क्लासमधला एक जण (नंबर शेवटी त्याच्या आईकडून मिळवला), आणि काकूंचा मुलगा. हो, तोच. मी काकूंच्या घरी जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "एकदा नेऊन बघ, मग मला शिकव." त्या बरोबर आल्या.

पहिल्या खेपेला डेक्कन जिमखान्याच्या स्टेशनावर तो जोरात ओरडू लागला. सगळा डबा बघत होता, एक जण मोबाइल काढू लागला. आम्ही पुढच्या स्टेशनला उतरलो, सगळे. फलाटावर बसलो. भावानं आपले हेडफोन काढून त्याच्या बाजूला ठेवले, दिले नाहीत, ठेवले. वीस मिनिटांनी त्यानं ते घातले. काकू मला म्हणाल्या, "तुम्ही सगळे का उतरलात?" मला प्रश्नच कळला नाही. नंतर लक्षात आलं, ३१ वर्षांत असं झाल्यावर त्या दोघांबरोबर कुणी उतरलं नव्हतं.

ही यशाची गोष्ट म्हणून सांगत नाहीये. त्यानंतर तो चारदा आला, दोनदा अर्ध्यातून घरी गेला, आणि काकूंचं शी पुसणं काही थांबलेलं नाही. त्यांना पगारी मदतनीस हवी, ती मेट्रोतून मिळत नाही. पण 'ज्यांना जमतं त्यांच्यासाठी' हे वाक्य त्या आता बोलत नाहीत. माझा भाऊ बहुतेक शनिवारी दोन तास लाल चिमटा लावून बसतो. कुणाशी एक शब्द बोलत नाही आणि एकही शनिवार चुकवत नाही. आईला हे विचित्र वाटतं. "मग जातोस कशाला?" तिनं विचारलं. तो म्हणाला, "तिथे लाल चालतो."

हा लेख त्याला वाचायला दिला होता. त्यानं दोन गोष्टी काढायला लावल्या, त्या काढल्या. 'दोनदा' ची गोष्ट ठेव म्हणाला.

आता येत्या रविवारचं. हॉलमधल्या मीटिंगचा विषय आहे, 'आमच्यानंतर काय: कायदेशीर पालकत्व'. वकील येणार आहेत. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली १८ वर्षांवरच्या ऑटिस्टिक व्यक्तीसाठी पालक नेमता येतो, जिल्हाधिकारी प्रमुख असलेल्या स्थानिक समितीकडे अर्ज करून. २०१६ चा कायदा मात्र म्हणतो की दिव्यांग माणसाला इतरांइतकीच कायदेशीर क्षमता आहे, आणि जिथे पालक लागेलच तिथे त्यानं निर्णय त्या व्यक्तीबरोबर, एकमेकांवरच्या विश्वासानं घ्यायचेत. ही दोन कायद्यांतली ओढाताण आहे आणि तिचा निकाल माझ्या भावाच्या सहीवर, बँक खात्यावर, राहत्या घरावर लागणार आहे. त्याच्यानंतर पालक म्हणून बहुधा माझं नाव लागेल, जो स्वतःचा टॅक्स वेळेवर भरू शकत नाही.

पोस्टर व्हॉट्सअ‍ॅपवर आलं तेव्हा त्यानं आईच्या खांद्यावरून वाचलं. "हे माझ्याबद्दल आहे का?" आई काही बोलली नाही. मग तिनं फोन माझ्याकडे दिला आणि म्हणाली, "तूच लिही त्यांना, मला नाही जमायचं." मी लिहिलं: भाऊ आत बसेल. दाराजवळची खुर्ची हवी. ट्यूबलाइट लुकलुकणारी आहे ती बंद ठेवता आली तर बरं. शर्टाला लाल चिमटा असेल, तेव्हा त्याच्याशी बोलू नये, आणि त्याच्याबद्दल बोलायचं असेल तर त्याला ऐकू येतं हे धरून बोलावं.

मंगळवारी पाठवलंय. दोन्ही टिका निळ्या झाल्यात. उत्तर अजून आलेलं नाही. भावानं शर्ट काढून ठेवलाय.